उशिरा फुटलेले मिसरूड

मराठीत मूल नुसते मोठे होत नाही, ते ‘वयात येते’. जणू वय म्हणजे एखादे गाव आहे आणि प्रत्येकाने ठरलेल्या गाडीने तेथे वेळेवर उतरलेच पाहिजे. मुलगी असेल तर ती ‘शहाणी होते’, तिला ‘न्हाण येते’, ‘पदर येतो’. मुलगा असेल तर त्याला ‘मिसरूड फुटते’, त्याचा ‘आवाज फुटतो’. आपल्या पूर्वजांनी या बदलांकडे किती बारकाईने पाहिले होते, याची साक्ष हे शब्द देतात. परंतु ज्याची गाडी उशिरा येते, त्याच्यासाठी मात्र आपल्या भाषेत एकही धड शब्द नाही. टोपणनावे पुष्कळ आहेत. मी स्वतः त्या उशिराच्या गाडीचा उतारू असल्यामुळे या विषयावर लिहिण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असे समजतो.

आमच्या बाळापूरला हे नाव किल्ल्याखालच्या बाळादेवीवरून पडले, असे सांगतात. दहावीच्या वर्गात मित्रांनी मला ‘बाळापूरचा बाळ’ ठरविले. वय सरत्या वर्षी साडेपंधरा, पण प्रार्थनेच्या रांगेत माझी जागा सर्वांत पुढची, सहावीतल्या मुलांइतक्याच उंचीची. वर्गातल्या बाकीच्या पोरांचे आवाज घोगरे झाले, खांदे रुंदावले. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर पावसाळ्यात पाणी आले की सारी पोरे पोहायला जात. मी जाईनासा झालो, कारण अंगातला सदरा काढायची लाज वाटू लागली. कटिंगच्या दुकानात बाकावर बसलेले कोणीतरी हमखास विचारी, “काऊन बे, तुह्या ओठावर अजून काहीच उगवलं नाही?” सारे हसत, मीही हसत असे. गॅदरिंगच्या नाटकात स्त्रीपार्ट कोणाला द्यायचा, हा प्रश्न माझ्यामुळे शिक्षकांना कधी पडलाच नाही.

घरी या गोष्टीचा उच्चार नव्हता. फक्त आजी एकदा आईला म्हणाली, “भेऊ नको व माय. ह्याच्या बापालेही उशीरच झाला होता. ह्या घरातल्या पोट्ट्यांचं बी सावकाशच उगवते.” त्या वेळी मला ते वाक्य आजीच्या इतर समजुतींपैकी एक वाटले. पुढे कळले की, अकोल्याच्या डॉक्टरांनी तासभर तपासून जे निदान केले, ते आजीने एका वाक्यात आधीच सांगून ठेवले होते.

आईच्या आग्रहावरून बाबा मला अकोल्याला घेऊन गेले. डॉक्टर वयस्क आणि शांत होते. त्यांनी उंची मोजली, वजन घेतले, मग प्रश्न विचारले. जेवण कसे आहे? पोट वारंवार बिघडते का? डोके दुखते का? वास नीट येतो का? या शेवटच्या प्रश्नाचे मला फार नवल वाटले. मग बाबांकडे वळून त्यांनी विचारले, “तुम्ही पहिल्यांदा दाढी केव्हा केली?” बाबा गोंधळले. “एकोणीस लागलं होतं,” ते हळूच म्हणाले. त्यानंतर माझ्या डाव्या हाताच्या पंजाचा एक्सरे काढण्यात आला. डॉक्टरांच्या टेबलावर दोऱ्यात ओवलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत चढत जाणारे बारा मणी होते. जपमाळ म्हणावी तर ती नव्हती. प्राडर नावाच्या स्विस डॉक्टरांनी 1966 साली रूढ केलेले ते माप. एक मिलिलिटरपासून पंचवीस मिलिलिटरपर्यंत. वृषणाचा आकार चार मिलिलिटरच्या मण्याएवढा झाला की, मुलगा वयात येऊ लागला असे वैद्यकशास्त्र मानते. मिसरूड, आवाज या साऱ्या नंतरच्या गोष्टी. लोक ओठाकडे पाहत राहतात आणि सुरुवात तर कोणाला न दिसता केव्हाच झालेली असते. माझीही झाली होती. डॉक्टर म्हणाले, “कागदावर तू साडेपंधराचा आहेस, पण तुझी हाडे साडेबारा वर्षांची आहेत. तुझे घड्याळ मागे आहे, बंद नाही.”

या घड्याळाविषयी मी पुढे जे वाचले, ते कथेपेक्षाही सुरस वाटले. आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग आहे. त्यातून एक संप्रेरक ठोक्याठोक्याने स्रवते. ते ठोके जवळच असलेल्या, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीला जागे करतात आणि ती ग्रंथी रक्तावाटे मुलाच्या वृषणांना व मुलीच्या बीजांडकोशांना निरोप धाडते. गंमत अशी की, ही यंत्रणा जन्मानंतर काही महिने चालू असते. मग ती झोपी जाते आणि बालपणाची वर्षे शांततेत जातात. पुढे एके दिवशी, किंवा खरे म्हणजे एके रात्री, ती पुन्हा जागी होते. कारण पहिले ठोके झोपेतच पडू लागतात. तिला कोण जागे करते, याचा एक मोठा दुवा 2003 साली हाती आला. ‘किसपेप्टिन’ नावाच्या द्रव्याचा संदेश ज्यांच्या शरीरात पोहोचत नव्हता, ती माणसे वयातच आली नव्हती, असे आढळून आले. या द्रव्याचे जनुक 1996 मध्ये अमेरिकेतील हर्शी या गावी सापडले होते. ते गाव ‘किस’ नावाच्या चॉकलेटसाठी प्रसिद्ध, म्हणून हे नाव! एवढ्या गंभीर घटनेचे नाव एका गोळीवरून पडावे, हे मला आवडले.

वयात येण्याचे टप्पे कसे पडतात, हे इंग्लंडमधील डॉ. जेम्स टॅनर यांनी अनाथाश्रमातील मुलांची वर्षानुवर्षे मोजमापे घेऊन ठरविले. 1969 आणि 1970 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे पाच टप्पे आजही जगभरचे डॉक्टर वापरतात. मुलींमध्ये प्रारंभ बहुधा आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान, स्तनांच्या वाढीने होतो. त्यानंतर सुमारे दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. मुलांमध्ये प्रारंभ नऊ ते चौदा या वयात होतो. मुलींची उंची या प्रवासाच्या आरंभीच झपाट्याने वाढते, मुलांची मध्यावर. म्हणूनच सातवीच्या वर्गात मुली उंच आणि मुले बुटकी दिसतात. आठ आणि तेरा, नऊ आणि चौदा! पाच पाच वर्षांचे अंतर, आणि त्यातले प्रत्येक वर्ष निसर्गाच्या हिशेबी वेळेवरच. आपल्याकडे मृग लागला म्हणजे त्याच दिवशी पाऊस पडतो असे कोणताही शेतकरी मानत नाही. पोरांच्या बाबतीत मात्र आपण पंचांग काढून बसतो.

माझ्यासारखा उशीर, ज्याला डॉक्टर घराण्यातून आलेला उशीर म्हणतात, तो मुलांमध्ये सर्वाधिक आढळतो. अशा मुलाच्या हाडांची टोके उशिरा जुळतात, त्यामुळे त्याला वाढायला जास्त वर्षे मिळतात. हाडांची टोके बंद करणारे संप्रेरक मुलांतही इस्ट्रोजेनच असते, हे 1994 साली एका पुरुषाच्या तपासणीतून निश्चित झाले. ज्याला आपण निव्वळ बायकांचे म्हणून ओळखतो, त्याच्या हाती पुरुषाच्या उंचीचीही किल्ली असावी, हे वाचून कटिंगच्या दुकानातील सारे विनोद मला फिके वाटू लागले. माझ्या बाबतीत औषध काहीच दिले गेले नाही. दर सहा महिन्यांनी उंची मोजायला या, एवढेच सांगितले. सतराव्या वर्षी आवाज बदलला, अठराव्या वर्षी सदरे आखूड पडू लागले. अकोल्याहून परतताना मात्र बाबा बाळापूर येईपर्यंत बोलत होते. त्यांनाही शाळेत चिडवत, तेही त्या वयात पोहायला जात नसत, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले. सव्वीस किलोमीटरच्या त्या प्रवासात जो धीर मिळाला, तो कोणत्याही गोळीत नसता.

पण हा लेख येथेच संपविला तर तो अर्धाच सत्य ठरेल. “थांबा, होईल सारे ठीक” हा सल्ला मला लागू पडला, सर्वांना लागू पडत नाही. आईच्या नात्यातील एका मुलीची हकीगत तिच्याच संमतीने सांगतो. ती सतरा वर्षांची झाली तरी तिला पाळी आली नव्हती. तिची उंची चार फूट सात इंच होती. मला सारे गाव हसले, तिला कोणी हसले नाही. कारण कोणाला कळूच दिले नाही. माझ्या बाबतीत हशा होता, तिच्या बाबतीत मौन. मुलगी बुटकी आहे, तर मुलगी जात म्हणून ते खपून गेले. पाळीची गोष्ट आई आणि मावशी यांच्या कुजबुजीच्या बाहेर गेली नाही. गुरुवारचे उपास झाले, अंगारे झाले, गावोगाव फिरणाऱ्या एका माणसाकडून ‘गरमीची’ पुडी आणून झाली. स्थळे येऊ लागली, तेव्हा कोठे घर जागे झाले. नागपूरला गुणसूत्रांची तपासणी झाली आणि टर्नर सिंड्रोम हे निदान झाले.

1938 साली अमेरिकेतील डॉ. हेन्री टर्नर यांनी वर्णन केलेली ही अवस्था साधारण दोन ते अडीच हजार मुलींत एकीला असते. दोन ‘एक्स’ गुणसूत्रांपैकी एक नसते किंवा अपुरे असते. त्यामुळे उंची खुंटते आणि बीजांडकोश बहुधा काम करीत नाहीत. बुद्धी सामान्यतः इतरांसारखीच असते. हृदय आणि मूत्रपिंड यांची तपासणी मात्र करावीच लागते. निदान नऊ-दहा वर्षांच्या वयात झाले असते, तर उंचीसाठी उपचार मिळाले असते. सतराव्या वर्षीही इस्ट्रोजेनचे उपचार सुरू झाले, त्याने शरीराची वाढ झाली आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका कमी झाला. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सारे समजावले, तेव्हा ती रडली नाही. ती एवढेच म्हणाली, “मले वाटे, माझंच काही चुकलं असन.” सात-आठ वर्षे एका मुलीने हे मनात वागवावे आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नसावा! शाळेच्या रजिस्टरात दरवर्षी तिची उंची लिहिली जात होती. तो आकडा वाढत नाही हे पाहणारा एक डोळा मिळाला असता, तरी पुरे होते.

उशिराची कारणे आणखीही आहेत आणि त्यांतली काही आपल्या विदर्भाच्या मातीतलीच आहेत. सिकलसेल हा रक्ताचा आजार आपल्या भागात बराच आढळतो. ज्या मुलांना तो असतो, ती वर्ष-दोन वर्षे उशिरा वयात येतात. मेळघाटातल्या कुपोषणाविषयी आपण वृत्तपत्रांतून वाचतो. ज्या शरीराला रोजचे अन्नच पुरत नाही, ते मोठे होण्याचा खर्च पुढे ढकलते. थायरॉइडची कमतरता, आतड्याचे जुने आजार यांनीही उशीर होतो. आणि डॉक्टरांनी मला वासाविषयी का विचारले, हेही नंतर कळले. वयात आणणाऱ्या त्या ठोक्यांच्या पेशी गर्भामध्ये नाकाच्या बाजूने मेंदूत जातात. तो प्रवास अडला, तर काही माणसांना वासही येत नाही आणि ती आपोआप वयातही येत नाहीत. या अवस्थेला 1944 सालच्या वर्णनावरून कालमन सिंड्रोम म्हणतात. तिच्यावर उपचार आहेत. उपचार नाही तो फक्त लपविण्यावर.

हे मौन आपल्या समाजात आले कोठून, याचा विचार करताना मला रखमाबाईंची आठवण होते. 1864 साली मुंबईत जन्मलेल्या या मुलीचे अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झाले. पुढे थोड्याच काळात ती ‘शहाणी’ झाली. त्या वेळच्या रूढीप्रमाणे लगेच गर्भाधानाचा विधी होऊन तिने सासरी नांदायला जायचे होते. तिचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी नकार दिला. ते वैद्यकाचे अध्यापक होते, वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. पाळी आली म्हणजे शरीराची वाढ पुरी झाली असे नव्हे, हे ते जाणत होते. पुढे 1884 मध्ये दादाजींनी न्यायालयात धाव घेतली. 1887 मध्ये न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा पर्याय ठेवला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखविली. 1888 मध्ये तडजोड होऊन त्या सुटल्या, इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या.

याच काळात संमतिवयाचा वाद पेटला. 1891 च्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा केले, तेव्हा महाराष्ट्रात केवढे रण माजले! धर्मात सरकारने हात घालू नये म्हणून लोकमान्य टिळकांनी विरोध केला. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्राधारेच कायद्याची बाजू मांडली. दोन्हीकडे विद्वान होते. पण पहिली पाळी ही वयात येण्याच्या प्रवासातली उत्तरार्धातली एक खूण आहे, तिच्यानंतरही कटीची हाडे वाढत असतात, पहिल्या वर्षा-दोन वर्षांत बीज प्रत्येक महिन्याला तयारही होत नाही, ही साधी गोष्ट त्या गदारोळात किती जणांच्या कानी गेली असेल? आज कायद्याने मुलीचे लग्न अठराच्या आत होत नाही. पण मला वाटते, वृत्ती तीच राहिली आहे. खूण लवकर दिसली की मुलीला घाईने मोठी करायचे आणि उशिरा दिसली की तिला लपवायचे. दोन्ही वेळी शरीर मुलीचे असते आणि हिशेब घराचा असतो.

मराठीत या विषयावर कोणी बोललेच नाही, असे मात्र नाही. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी प्राध्यापकी गमावली आणि 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. जे प्रश्न घरात विचारता येत नव्हते, ते वाचक त्यांना पत्राने विचारीत आणि ते छापून उत्तर देत. या उत्तरांबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. 1934 मध्ये न्यायालयात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, दंड झाला, मासिक मात्र चालूच राहिले. ज्या भाषेत नव्वद वर्षांपूर्वी हे धैर्य दाखविले गेले, त्याच भाषेच्या राज्यात 2007 साली शाळांतील लैंगिक शिक्षणाला बंदी व्हावी, याला काय म्हणावे? वर्गात जे सांगितले जात नाही, ते पोरे कटिंगच्या दुकानात शिकतात, नाहीतर आता हातातल्या मोबाइलवर शिकतात. रस्त्याकडेच्या तंबूत ‘ताकदीची’ औषधे विकणाऱ्यांचा धंदाही याच अज्ञानावर चालतो. त्या पुड्यांत काय असते कोण जाणे. पण चुकीच्या वेळी चुकीचे संप्रेरक पोटात गेले, तर हाडांची टोके अकाली जुळून उंची कायमची खुंटू शकते, हे ठाऊक असलेले बरे.

म्हणून माझे मागणे थोडकेच आहे. मुलीच्या शरीरात तेराव्या वर्षापर्यंत आणि मुलाच्या शरीरात चौदाव्या वर्षापर्यंत काहीच बदल दिसला नाही, किंवा मुलीला पंधरापर्यंत पाळी आली नाही, तर तिला वा त्याला डॉक्टरांकडे न्यावे. मुलीत आठच्या आणि मुलात नऊच्या आत बदल दिसू लागले, तरीही न्यावे. बहुतेकांना डॉक्टर “वाट पाहा” एवढेच सांगतील. ते ऐकायला जाण्यात कमीपणा नाही. ज्या थोड्यांना खरोखर उपचार हवे आहेत, ती मुले त्यातूनच वेळेवर सापडतील. भारतीय बालरोगतज्ज्ञांनी 2015 साली आपल्या मुलांसाठी पाच ते अठरा वर्षांपर्यंतचे उंची-वजनाचे आलेख तयार केले आहेत. शाळांच्या तपासणीला सरकारी पथके येतात. मोजपट्टी आहे, आलेख आहे. त्या दोहोंकडे एकत्र पाहायची सवय मात्र अजून लागायची आहे.

आणि वाचक मित्रहो, एक गोष्ट तुम्ही आजच करू शकता. घरी गेल्यावर वडिलांना विचारा, त्यांनी पहिल्यांदा दाढी कोणत्या वर्षी केली. आईला विचारा, तिला पाळी केव्हा आली. प्रथम ते चमकतील, कदाचित रागावतीलही. तरी विचारा. घरात तुमचा एखादा धाकटा भाऊ किंवा बहीण असेल आणि ती चिंता मनात धरून गप्प बसलेली असेल. ते उत्तर तुमच्याआधी तिला हवे आहे.